उद्योजक वाढवायचे असतील तर आधी त्यांची बिले वेळेवर निघू द्या

प्रति,
माननीय उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

प्रत माहितीसाठी: विकास आयुक्त (उद्योग)

विषय: सूक्ष्म व लघुउद्योगांची अडकलेली बिले आणि ४५ दिवसांच्या कायद्याची अंमलबजावणी

सादर नमस्कार.

राज्यात नवे उद्योजक उभे राहावेत म्हणून शासन खर्च करते, याची आम्हाला जाणीव आहे. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात २०१९ पासून प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज होतात, प्रशिक्षण होते, बँक कर्ज देते, मशीन येते. इथपर्यंतची वाट पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. हे पत्र त्यापुढच्या टप्प्याबद्दल आहे. भोसरी, वाळूज, अंबड, शिरोली, कुपवाड अशा औद्योगिक वसाहतींतल्या लहान युनिटांचे हिशेब आणि वसुली आम्ही पाहतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी जी युनिटे कोलमडतात, त्यांतल्या अनेकांकडे ऑर्डर असते, कामगार असतात, मशीन चालू असते. फक्त पाठवलेल्या मालाचे पैसे आलेले नसतात.

आकड्यांतच सांगतो. भाड्याचा गाळा, दोन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातुकामाची मशीन), सात-आठ कामगार आणि महिन्याला १० लाखांचे काम असे एक युनिट घ्या. १८ टक्के जीएसटी धरून महिन्याची बिले ११ लाख ८० हजारांची होतात. त्यात ५ लाखांचे पोलाद आहे. पोलादाचा व्यापारी नव्या गिऱ्हाइकाला उधार देत नाही. जुन्याला दिले तर फार तर ३० दिवस. पगार ७ तारखेला, पीएफ आणि ईएसआय १५ तारखेला, जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला. बिलाचे पैसे आले असोत वा नसोत, जीएसटी भरावाच लागतो. चुकला की १८ टक्के व्याज. शिवाय वीजबिल, इन्सर्ट, कूलंट, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, टेम्पोभाडे, मशीनचा हप्ता आणि गाळ्याचे भाडे. यातले काहीही चार महिने थांबत नाही.

खरेदीदाराने ४५ दिवसांत पैसे दिले तर या युनिटची येणी १७ लाख ७० हजारांच्या आसपास राहतात. १२० दिवस लावले तर ४७ लाख २० हजार. फरक २९ लाख ५० हजारांचा. एवढी रक्कम बँकेकडून ११ टक्क्यांनी मिळाली असे धरले तरी वर्षाचे व्याज ३ लाख २४ हजार ५००, म्हणजे महिन्याला २७ हजार. अशा कामात ८ टक्के नफा सुटला तर तो महिन्याला ८० हजार असतो. त्याचा तिसरा हिस्सा दुसऱ्याच्या उशिरापायी गेला. बँकेने दिले नाही आणि बाहेरून महिना २ टक्क्यांनी उचलले तर ५९ हजार जातात. हातात २१ हजार उरतात, आणि एखादा लॉट रिजेक्ट झाला की तेही नाहीत.

बँक का देत नाही, तेही पाहिले पाहिजे. लहान उद्योगाचे खेळते भांडवल ठरवताना बँका रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीचा हिशेब वापरतात: ५ कोटींपर्यंतच्या मर्यादेसाठी अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के बँकेचे आणि ५ टक्के मालकाचे. आपल्या युनिटची उलाढाल १ कोटी २० लाख, म्हणजे २४ लाख बँकेचे आणि ६ लाख घरचे, एकूण ३० लाख. उलाढालीचा चौथा हिस्सा म्हणजे तीन महिने. पैसा तीन महिन्यांत फिरून परत येतो, हे या सूत्रात गृहीतच आहे. नुसती येणीच ४७ लाखांवर गेली की सूत्र मोडते. त्यात दरमहा स्टॉक स्टेटमेंट देताना ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँक सहसा मोजत नाही आणि ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, कमी होते. खरेदीदार जितका उशीर करेल तितकी सीसीची (कॅश क्रेडिट कर्जाची) मर्यादा आटत जाते. मग हप्ता थकतो, ९० दिवसांनी खाते एनपीए होते, मालकाचा सिबिल स्कोअर जातो. ज्याने पैसे अडवले त्याची पत मात्र ओरखडाही न उमटता शाबूत राहते.

उशीर बहुतेक वेळा आपोआप होत नाही, तो पद्धतीतच बसवलेला असतो. माल गेटवर उतरतो, पण जीआरएन (माल मिळाल्याची कंपनीची नोंद) तीन-चार दिवसांनी निघतो. मग क्वालिटीची तपासणी. तिथे लॉट ‘होल्ड’वर जातो. होल्ड का, हे तोंडी सांगितले जाते, ईमेल येत नाही. पीओमधली (खरेदी आदेशातली) संख्या संपलेली असेल तर सुधारित पीओ येईपर्यंत बिल सिस्टिममध्ये चढत नाही, पण माल मात्र लाइनवर वापरून झालेला असतो. पीओचा आणि बिलाचा दर २० पैशांनी जुळला नाही तर संपूर्ण बिल थांबते. महिन्याच्या २५ तारखेनंतर आलेला माल पुढच्या महिन्यात धरतात. आणि पीओच्या मागच्या पानावर ‘बिल पास झालेल्या महिन्याच्या अखेरीपासून ९० दिवस’ असे छापलेले असते. माल उतरल्यापासून मोजले तर ते १२० ते १३० दिवस होतात. शेवटी पैसे येतात तेव्हा त्यातून डेबिट नोट (कंपनीने परस्पर कापलेली रक्कम) वजा झालेली असते. तिचे कारण विचारायला आणखी दोन फेऱ्या.

यातले जवळजवळ सगळे कायद्याला मान्य नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा २००६ सालचा. त्याचे १५वे कलम सांगते की लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे असू शकत नाही. लेखी काही ठरलेले नसेल तर १५ दिवस. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते. तोंडी ‘होल्ड’ला किंमत नाही, आणि २४व्या कलमामुळे पीओवरच्या ९० दिवसांनाही नाही. १६वे कलम उशिरासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लावते. बँक रेट ५.५० टक्के धरला तर १६.५० टक्के, १० लाख रुपये सहा महिने रखडले तर साधारण ८५ हजार ४०० रुपये. हे व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उपक्रमांनाच आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार १०० कोटींपर्यंत उलाढाल आणि २५ कोटींपर्यंत गुंतवणूक असलेले उत्पादक आणि सेवा देणारे त्यात बसतात.

इतका चांगला कायदा असून पैसे का येत नाहीत? कारण तो तक्रारीवर चालतो, आणि तक्रार करणाऱ्याचा व्हेंडर कोड, म्हणजे कंपनीकडची पुरवठादार म्हणून असलेली नोंद, बंद होतो. ज्या युनिटची ७० टक्के विक्री एकाच कंपनीला आहे, ते त्या कंपनीवर केस घालत नाही. केस येते ती संबंध संपल्यावर, म्हणजे बहुधा युनिट बंद पडताना किंवा पडल्यावर. थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठी केंद्राने काढलेल्या समाधान पोर्टलवर दिसतात ती या शेवटच्या टप्प्यातली माणसे. त्याआधी मुकाट सोसणारे कुठल्याच आकड्यात नसतात. आमच्या मते या प्रश्नाचे मूळ इथे आहे, आणि तक्रारीची आणखी कितीही पोर्टले काढली तरी ते सुटणार नाही.

केंद्राने आयकर कायद्यात ४३बी (एच) ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून आणली, तेव्हा आशा वाटली होती. मुदतीत पैसे दिले नाहीत तर ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्चाची वजावट. मार्चमध्ये वसुली सुधारली, हे मान्य. पण तरतुदीची धार वर्षअखेरीलाच आहे. एप्रिलमधल्या मालाचे पैसे डिसेंबरात दिले तरी ते त्याच आर्थिक वर्षात दिले गेले, म्हणून वजावट जशीच्या तशी मिळते. आठ महिन्यांच्या उशिराची कराच्या हिशेबात काहीही किंमत नाही. ३१ मार्चला येणी चुकती करायची आणि एप्रिलपासून पुन्हा जुनी चाल, असे चक्र बसले आहे. काही खरेदीदारांनी तर पुरवठादारांना उद्यम नोंदणी (लघुउद्योग असल्याची केंद्राकडची नोंद) रद्द करायला सांगितले, किंवा ऑर्डर मध्यम आकाराच्या पुरवठादाराकडे वळवली. शासकीय कार्यालये, महापालिका, जिल्हा परिषदा यांना आयकरातली वजावट घ्यायचीच नसते. त्यांच्यावर ही तरतूद लागूच पडत नाही.

म्हणून राज्याच्या हातात काय आहे, त्याकडे वळतो.

पहिली गोष्ट फॅसिलिटेशन कौन्सिलची, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवण्यासाठी याच कायद्याखाली राज्याने नेमलेल्या मंडळाची. १८व्या कलमानुसार पुरवठादार आपल्या भागातल्या कौन्सिलकडे जाऊ शकतो, खरेदीदार देशात कुठलाही असो. आधी समेट, तो फसला तर लवाद, आणि सगळे प्रकरण ९० दिवसांत निकाली निघायला हवे. प्रत्यक्षात पहिल्या सुनावणीची तारीखच त्यापुढची पडते. कायद्याने कौन्सिलवर तीन ते पाच सदस्य असतात. अध्यक्ष उद्योग खात्याचा अधिकारी असतो आणि त्याच्याकडे हे काम मूळ कामाच्या जोडीला दिलेले असते. उद्योग संघटनेचा प्रतिनिधी किंवा बँकेचा माणूस आला नाही की तारीख पुढे जाते. समेटाची बैठक आणि लवादाची सुनावणी एकाच दिवशी उरकली, नोटिशीची पोच फाइलला लावली नाही, निवाड्यात कारणे दिली नाहीत, अशा चुकांमुळे निवाडे पुढे जिल्हा न्यायालयात टिकत नाहीत आणि पुरवठादार पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. पूर्णवेळ अध्यक्ष, प्रत्येक कौन्सिलला एक कायदा जाणणारा सचिव, आठवड्यातून ठरलेला वार आणि समेटासाठी ऑनलाइन बैठक, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडेल. याला नवा कायदा लागत नाही, पदे भरावी लागतात.

निवाडा झाल्यावर खरेदीदाराला तो रद्द करून घ्यायचा असेल तर १९व्या कलमानुसार आधी ७५ टक्के रक्कम न्यायालयात भरावी लागते. त्याच कलमात अशीही सोय आहे की खटला चालू असताना त्या रकमेतला वाजवी वाटेल तो हिस्सा न्यायालयाने पुरवठादाराला द्यावा. हे अनेक पुरवठादारांना कोणी सांगतच नाही आणि अर्ज होत नाही. कौन्सिलने निवाड्याच्या प्रतीसोबत या अर्जाचा नमुना जोडून द्यावा, ही एका पानाची गोष्ट आहे. आणि ज्या निवाड्यांना आव्हान दिले गेलेले नाही, त्यांची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होईल अशी तरतूद राज्याने करावी. आज कागदावर जिंकलेला माणूस वसुलीची दरखास्त घेऊन पुन्हा न्यायालयात उभा राहतो.

दुसरी गोष्ट शासन स्वतः खरेदीदार असते तेव्हाची. फर्निचर, छपाई, औषधे, पंप, पथदिवे, शालेय साहित्य, वाहन दुरुस्ती हे बहुतांश लहान उद्योगच पुरवतात. माल डिसेंबरात पोहोचतो, तपासणी अहवाल फेब्रुवारीत निघतो, आणि मार्चमध्ये ‘निधी वितरित झालेला नाही’ असे उत्तर येते. निधीची खात्री नसताना पुरवठा आदेश काढणे हेच या उशिराचे मूळ आहे. बीम्स या राज्याच्या ऑनलाइन निधीवाटप प्रणालीवर तरतूद उपलब्ध असल्याचा क्रमांक प्रत्येक पुरवठा आदेशावर छापणे सक्तीचे करा. क्रमांक नाही तर आदेश नाही. तपासणी १५ दिवसांत झाली नाही तर माल स्वीकारला असे संबंधित अधिकाऱ्याने नोंदवावे, कारण कायद्याने तो स्वीकारलेलाच असतो.

ट्रेड्‌सबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या या मंचांवर पुरवठादार बिल चढवतो, खरेदीदार ते स्वीकारतो, बँका त्यावर बोली लावतात आणि साधारण दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात येतात. व्याजाचा दर खरेदीदाराची पत पाहून ठरतो, म्हणून लहान युनिटला एरवी न मिळणारा स्वस्त दर मिळतो. तारण लागत नाही, आणि खरेदीदाराने पुढे पैसे बुडवले तरी बँक पुरवठादाराकडे येत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना इथे नोंदणी सक्तीची आहे. गोम अशी की नोंदणी सक्तीची आहे, बिल स्वीकारणे नाही. कंपनी नोंदणी करते आणि ‘स्वीकार’चे बटण कधीच दाबत नाही. महापालिका आणि जिल्हा परिषदा कंपन्या नसल्याने त्यांना तर नोंदणीचेही बंधन नाही. राज्याची महामंडळे आणि मोठ्या महापालिका यांनी ट्रेड्‌सवर यावे, आणि प्रत्येक तिमाहीत किती रुपयांची बिले स्वीकारली हा आकडा आपल्या संकेतस्थळावर लावावा. नोंदणीचे प्रमाणपत्र आम्हाला पुरेसे वाटत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले आहे ती मागणी. राज्य शासन सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली मोठ्या उद्योगांना वर्षानुवर्षे प्रोत्साहन रक्कम देते. राज्य जीएसटीचा परतावा, वीज शुल्कमाफी, मुद्रांक शुल्कमाफी. याच कंपन्यांच्या भोवती लहान पुरवठादार उभे राहतील आणि रोजगार पसरेल, हा त्यामागचा विचार आहे आणि तो रास्त आहे. मग ती रक्कम देताना पुरवठादाराला पैसे वेळेवर मिळाले का, हे विचारायला काय हरकत आहे? इथे कोणी तक्रार करण्याची गरज नाही, कोणाचा व्हेंडर कोड बंद होण्याची भीती नाही. माहिती आधीच तयार आहे. २२व्या कलमानुसार कंपनीला आपल्या ताळेबंदात सूक्ष्म व लघु पुरवठादारांची थकलेली मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवावे लागते. ४५ दिवसांवर थकबाकी असेल तर एमएसएमई-१ हे विवरण वर्षातून दोनदा, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत भरावे लागते. लेखापरीक्षकाने हे आकडे पाहिलेले असतात. शासनाने ते फक्त मागायचे आहेत.

यावर एक हरकत येईल की कंपनी आकडे सजवेल. जीआरएन उशिरा काढून स्वीकाराची तारीखच पुढे ढकलेल. म्हणून मोजणी जीआरएनपासून नको, गेटवरच्या नोंदीपासून हवी. गेट रजिस्टरमध्ये ती तारीख असते, ई-वे बिलावरच्या तारखेशी ती ताडून पाहता येते आणि ती बदलणे अवघड आहे. दुसरी हरकत, गुंतवणूक शेजारच्या राज्यात जाईल. ज्या कंपनीला केवळ पुरवठादाराचे पैसे उशिरा देता यावेत म्हणून राज्य सोडावेसे वाटते, तिच्या येण्याने इथल्या लहान उद्योगाचे काय भले होणार होते, याचा हिशेब शासनाने करावा.

आमच्या बाजूचीही चूक सांगितली पाहिजे. लहान युनिट स्वतः प्लेटिंगवाल्याला, ग्राइंडिंगवाल्याला, टेम्पोवाल्याला थकवते. साखळीच्या टोकाला एका मशीनवर काम करणारा माणूस असतो आणि तो तर सर्वांत आधी मोडतो. कायदा त्याच्यासाठीही आहे. कागदपत्रांतही ढिलाई असते. उद्यम नोंदणी वाद झाल्यावर केली जाते. ती पुरवठ्याच्या आधीची हवी, नाहीतर कौन्सिलसमोर पहिलीच हरकत तिच्यावर येते. बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘सूक्ष्म’ किंवा ‘लघु’ हा दर्जा छापलेला नसतो. चलनावर गेटचा शिक्का आणि तारीख घेतलेली नसते. तोंडी रिजेक्शन आले की त्याच दिवशी ‘आपण फोनवर सांगितलेले कारण कृपया लेखी कळवा’ असा दोन ओळींचा ईमेल टाकायला हवा, तो टाकला जात नाही. येणे असलेल्या रकमेची खातरजमा दर तिमाहीला ईमेलवर घेतली नाही तर तीन वर्षांनी मुदतीचा मुद्दा निघतो. जिल्हा उद्योग केंद्रांच्या प्रशिक्षणात प्रकल्प अहवाल कसा लिहावा याला बराच वेळ दिला जातो. बिल, चलन आणि वसुली यांना एक पूर्ण दिवस द्यावा.

बचतगटांचे वेगळे सांगावे लागेल. मसाले, पापड, लोणची मोठ्या दुकानसाखळ्यांत जातात ती ‘विकले तर पैसे, उरले तर परत’ या बोलीवर. अशा व्यवहारात माल स्वीकारला कधी हेच ठरत नाही, म्हणून ४५ दिवस कुठून मोजायचे याचाच वाद होतो. परत येणाऱ्या मालाची मुदत दोन-तीन आठवडेच उरलेली असते, तो दुसरीकडे विकता येत नाही. सहा महिने टिकणाऱ्या मालासाठी परत करण्याची शेवटची तारीख पोहोचल्यापासून ६० दिवस, आणि त्यानंतरचा माल विकला गेला असे धरायचे, असा नमुना करार महिला आर्थिक विकास महामंडळाने तयार करून गटांच्या हातात द्यावा. गटातल्या बायका एकेकट्या दुकानसाखळीच्या खरेदी व्यवस्थापकासमोर ही अट मांडू शकत नाहीत. महामंडळाचा छापील नमुना हातात असेल तर मांडू शकतात.

प्रोत्साहन रकमेच्या प्रत्येक हप्त्याच्या अर्जात लेखापरीक्षकाच्या सहीने पुढील मजकूर सक्तीचा करावा, अशी विनंती आहे. शब्द आम्ही सुचवत आहोत, विधी व न्याय विभागाने ते तपासून घ्यावेत:

‘मागील आर्थिक वर्षात या कंपनीने सूक्ष्म व लघु पुरवठादारांकडून एकूण ____ रुपयांचा माल व सेवा घेतली. त्यापैकी गेट नोंदीच्या तारखेपासून ४५ दिवसांच्या आत दिलेली रक्कम ____ रुपये. ४५ दिवसांनंतर दिलेली रक्कम ____ रुपये. वर्षअखेरीस ४५ दिवसांवर थकलेली रक्कम ____ रुपये. कायद्याच्या १६व्या कलमानुसार देय झालेले व्याज ____ रुपये, त्यापैकी प्रत्यक्ष दिलेले व्याज ____ रुपये. न दिलेल्या व्याजाइतकी रक्कम या हप्त्यातून रोखून ठेवण्यास कंपनीची संमती आहे.’

आपले नम्र,
लघुउद्योगांचे हिशेब आणि वसुलीचे काम पाहणारे काही जण